आधी पालथं करून बघा

जुनं तबक विकत घेताना गिऱ्हाईक आधी नक्षी बघतं, आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो तबक भिंतीला टेकवून, उजेडात, तोंड तुमच्याकडे करून ठेवतो. तुम्ही ते उचला आणि आधी पालथं करा. वस्तू कशाची आहे, किती वापरली गेली, कुठे दुरुस्त झाली, कुठल्या देशातून आली, यातलं बरंचसं बुडावरून कळतं. पुढची बाजू चकाचक करणं सोपं असतं. बूड घासत बसायला सहसा कुणाला वेळ नसतो.

घरात वापरण्यासाठी जुनी तबकं, ट्रे, ताटं-वाट्या, कपबशा जमवाव्यात असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. लिलावात बोली लावणाऱ्यांचा रस्ता वेगळा. पहिली गोष्ट म्हणजे 'अँटिक' हा शब्द दुकानदाराच्या तोंडी आला की तो कानाआड करावा. आपल्याकडच्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरायला वस्तू किमान १०० वर्षांची असावी लागते, आणि बाजारात त्या नावाने जे विकतात त्यातलं बहुतेक त्याच्या निम्म्या वयाचंही नसतं. त्यात वाईट काही नाही. १९५५ सालचं जाड पितळी तबक वापरायला उत्तम आणि दिसायलाही देखणं असतं. फक्त ते १९५५चं म्हणून, १९५५च्या भावाने घ्यावं.

दुसरी गोष्ट, संग्रहाचा विषय अरुंद ठेवा. दिसेल ते जुनं भांडं घेणाऱ्याच्या घरात दोन वर्षांत अडगळ तयार होते, आणि आजच्या फ्लॅटला माळाही नसतो. फक्त तबकं आणि ट्रे, किंवा फक्त काशाची ताटं-वाट्या, किंवा निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या बशा, असं काहीतरी एक धरा. विषय ठरला की डोळा तयार होतो, भाव कळायला लागतात, आणि दुकानदारही तुम्हाला ओळखून नेमकी वस्तू बाजूला काढून ठेवतो.

डोळा तयार करायला फार पैसे लागत नाहीत. पुण्यात शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. कवी 'अज्ञातवासी' म्हणजे दिनकर गंगाधर केळकर यांनी घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने हा संग्रह उभा केला. पानदानं, अडकित्ते, दिवे, स्वयंपाकाची भांडी, सगळं रोजच्या वापरातलं. अहमदाबादला जाणं झालं तर 'विशाला'च्या आवारातलं 'वेचार' हे भांड्यांचं संग्रहालय चुकवू नका. सुरेंद्र पटेल यांनी ते १९८१ मध्ये सुरू केलं. अशा ठिकाणी एक अख्खी दुपार घालवली की नंतर बाजारात गेल्यावर खोटी नक्षी लगेच खुपते.

आता धातू. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कासं म्हणजे तांबं आणि कथील. काशात कथलाचं प्रमाण साधारण पाचवा हिस्सा किंवा किंचित जास्त असतं, आणि त्यामुळेच ते कडक, ठिसूळ आणि नादमधुर होतं. ताट पाच बोटांच्या टोकांवर तोलून धरा आणि काठावर नखाने टिचकी मारा. काशाचा नाद लांबतो, पितळेचा लगेच बसतो. काशाचं म्हणून दिलेलं ताट भदभद वाजलं तर दोनच शक्यता: एक तर ते कासं नाही, नाहीतर त्याला बारीक चीर गेली आहे. चिरलेलं कासं घेऊ नका. पितळ झाळून दुरुस्त होतं, काशाला तो इलाज नीट लागू पडत नाही. पडलं की फुटतं, म्हणून तर आजीच्या घरातली काशाची वाटी पाय चोळायला जपून ठेवलेली असायची.

खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा. पितळ, तांबं, कासं, चांदी यांना ते चिकटत नाही. वरून पितळेचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याला चिकटतं, आणि अशी तबकं बाजारात भरपूर आहेत. चुंबक चिकटलं नाही म्हणजे वस्तू जुनी असं मात्र कुणी समजू नये. काल ओतलेलं पितळही पितळच असतं.

जर्मन सिल्व्हरच्या बाबतीत आपल्याकडे हमखास गोंधळ होतो. घरात 'जर्मनचं पातेलं' म्हणतात ते ॲल्युमिनियमचं. जर्मन सिल्व्हर ही तांबं, निकेल आणि जस्त यांची मिश्रधातू, आणि तिच्यात चांदी औषधालाही नसते. त्याची तबकं, अत्तरदाण्या, गुलाबदाण्या चांदीसारख्या दिसतात, टिकतात आणि हळदी-कुंकवाला शोभतात. चांदीच्या भावाने घेऊ नका, एवढंच. बिदरीचं तबक मिळालं तर वजन बघा. खरी बिदरी जड असते, कारण ती ९० टक्क्यांहून जास्त जस्ताची असते. बाकी तांबं. वर चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात आणि बीदरच्या किल्ल्यातल्या मातीत नवसागर मिसळून त्याने जमीन काळी करतात. ती माती चांदीला काळं करत नाही, म्हणून नक्षी उठून दिसते. हातात हलकं लागणारं, काळा रंग फासलेलं ॲल्युमिनियम त्याच नावाने विकलं जातं. काळी जमीन नखाने खरवडून निघाली तर समजा की तो रंगच.

एक साधं पितळी तबक हातात घेऊन नीट बघू. समजा फूटभर व्यासाचं, कडेला बोटभर उंच काठ. आधी काठावरून बोट फिरवा. जुन्या ठोकीव तबकाचा काठ बहुधा आत तार घालून पत्रा वळवून केलेला असतो आणि त्याचा शेवट एका जागी किंचित जाड लागतो. मशिनवर दाबून काढलेल्या तबकाचा काठ सगळीकडे एकसारखा, आणि आतल्या बाजूला त्याची धार बोटाला लागते. मग तबक तिरकं धरून उजेडात बघा. हातोडीच्या ठोक्यांचे हलके खळगे दिसतील. ते अगदी सारख्या अंतरावर नसतात. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही मठारकाम करतात. तिथले ठोके मुद्दाम, ओळीने, चमक येण्यासाठी मारलेले असतात आणि ते काम फार सुंदर असतं. पण ते नवं आहे आणि तिथले कारागीरही ते नवं म्हणूनच विकतात. लेथवर कातलेल्या तबकाला मधोमध बारीक गोल-गोल रेषा दिसतात. तांब्या, लोटी, चंबू असेल तर अंगावर दातेरी जोड शोधा. पत्र्याच्या कडांना दाते पाडून ते एकमेकांत बसवून झाळलेले असतात, आणि घासून घासून पितळ उजळलं तरी ती नागमोडी रेघ राहते.

आता पालथं करा. बुडाला जिथे ते ओट्यावर, पाटावर, फरशीवर टेकलं असेल तिथेच झीज हवी. सगळीकडे सारखी झीज म्हणजे कुणीतरी ती केली आहे. खऱ्या वापराचे ओरखडे वेगवेगळ्या दिशांनी, वेगवेगळ्या खोलीचे असतात. सँडपेपरचे ओरखडे एकाच दिशेने जातात. खाचांमधला मळ काळपट-तपकिरी आणि टणक असावा. हिरवट भुकटी बोटाला लागली तर ती ॲसिडची करामत असण्याची शक्यता मोठी. ट्रेला मुठी असतील तर त्या कशाने बसवल्यात ते बघा. अधिकाच्या चिन्हाची खाच असलेला स्क्रू १९३०च्या दशकात बाजारात आला. 'राणीच्या काळातला' ट्रे असा स्क्रू घेऊन आला असेल, तर एकतर मुठी नंतर बसवल्यात किंवा राणी वेगळी असावी.

सगळ्यात जास्त वेळ घालवावा तो नावावर. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची पद्धत होती आणि अजून आहे. आहेराची, रुखवतातली, वाढदिवसाची, कुणाच्या स्मरणार्थ दिलेली भांडी बोहऱ्याकडे किंवा कासाराकडे नेऊन नाव घालून आणायची. जुनी नावं छिन्नीने ठिपके ठोकून घातलेली असतात. भिंग लावलं तर प्रत्येक ठिपका वेगळा दिसतो. इलेक्ट्रिक पेनने घातलेलं नाव सलग ओरखड्यासारखं दिसतं आणि ते अलीकडचं असतं. नावाबरोबर साल असेल तर तुमचं नशीब. शके असेल तर ७८ मिळवा: शके १८४५ म्हणजे १९२३, आणि वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतलं असेल तर १९२४. मुंबईत गुजराती अक्षरांची भांडी बरीच मिळतात, त्यांवर विक्रम संवत असतं. त्यातून ५६ किंवा ५७ वजा करा. मोडी अक्षरं दिसली तर फोटो काढून मोडी वाचणाऱ्याला दाखवा. पुण्यामुंबईत मोडीचे वर्ग चालतात, तिथले विद्यार्थी असं वाचन आनंदाने करतात. भांड्यावर वजन कोरलेलं असेल आणि ते किलो-ग्रॅममध्ये असेल, तर ते कोरीवकाम मेट्रिक मापं आल्यानंतरचं. मापांचा तो कायदा १९५६चा, आणि बाजारात शेर जाऊन किलो रुळायला पुढची काही वर्षं लागली. भांडं त्याआधीचं असू शकतं, वजन नंतर टाकलेलं असू शकतं, एवढं ध्यानात ठेवा.

नाव असलेलं भांडं दुकानदार कधी कधी स्वस्तात देतो, कारण गिऱ्हाइकाला दुसऱ्याचं नाव नको असतं. माझ्या मते ते उलट जास्त मोलाचं. नाव घासून काढून देतो म्हणाला तर हात जोडा आणि नको म्हणा.

रेल्वेचा शिक्का असलेल्या वस्तूंचा मुंबईत मोठा शौक आहे. जी.आय.पी. आणि बी.बी. अँड सी.आय. या दोन्ही रेल्वे १९५१ मध्ये मध्य आणि पश्चिम रेल्वेत विलीन झाल्या, त्यामुळे त्यांच्या शिक्क्याचा ट्रे, काटा-चमचा किंवा बशी त्याआधीची असायला हवी. हवी म्हणतो, कारण या शिक्क्यांना मागणी आहे हे कळल्यावर ते मारणारेही आले. शिक्क्याच्या खाचेत झीज नसेल आणि आजूबाजूचं पितळ मात्र झिजलेलं असेल, तर शिक्का वस्तूपेक्षा वयाने लहान आहे.

पारशी घरांतून आणि जुन्या बंगल्यांतून येणाऱ्या विलायती ट्रेंबद्दल थोडं सविस्तर, कारण फसवणूक तिथे जास्त होते. बहुतेक चांदीसारखे ट्रे मुलाम्याचे असतात. बुडाला ई.पी.एन.एस. ही अक्षरं असतील तर निकेल सिल्व्हरवर विजेने दिलेला चांदीचा मुलामा. हे तंत्र एल्किंग्टन यांनी १८४०मध्ये पेटंट केलं, म्हणजे त्या अक्षरांची वस्तू त्याआधीची असूच शकत नाही. गंमत अशी की कारखानदार ही चार अक्षरं चार वेगवेगळ्या छोट्या ढालींमध्ये छापत, म्हणजे लांबून ती खऱ्या चांदीच्या हॉलमार्कसारखी दिसावीत. इंग्लंडच्या खऱ्या स्टर्लिंग चांदीवर चालत्या सिंहाचा ठसा असतो, आणि बाजूला शहराचा: लंडनचा बिबट्याचा चेहरा, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर. सिंह नसेल तर इंग्लिश स्टर्लिंग म्हणून पैसे मोजू नका. मुलाम्याच्या ट्रेची चांदी वितळवून काढण्याइतकी नसते. त्याची किंमत कामाची, आकाराची आणि शाबूतपणाची. त्याहून जुना प्रकार शेफील्ड प्लेटचा. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पत्रा तापवून एकजीव करायची ही युक्ती १७४३च्या सुमारास थॉमस बोल्सोव्हर यांना सापडली. त्या ट्रेच्या काठावर, झिजलेल्या जागी, आतलं तांबं लालसर डोकावतं. ते तसंच ठेवावं. पुन्हा मुलामा देऊन चकचकीत केला की त्यातलं जुनेपण गेलं आणि किंमतही गेली.

कपबशा, चहाचे सेट, डिनर प्लेट यांच्या बुडावर देशाचं नाव शोधा. अमेरिकेने जकातीच्या कायद्याने १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं, तेव्हापासून इंग्लंडच्या बशांवर 'इंग्लंड' छापलेलं दिसू लागलं. 'मेड इन इंग्लंड' बहुतेक विसाव्या शतकातलं. जपानी मालावर १९२१ पर्यंत 'निप्पॉन', पुढे 'जपान', आणि महायुद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यातल्या काळात, म्हणजे १९५२ पर्यंत, काही मालावर 'ऑक्युपाइड जपान'. चेकोस्लोव्हाकिया असेल तर १९१८ ते १९९२ यांच्या मधलं. इंग्लिश बशीच्या मागे हिऱ्याच्या आकाराची चौकट असेल तर तो नक्षीच्या नमुन्यांच्या नोंदणीचा शिक्का, १८४२ ते १८८३ या काळातला. मागे काहीच नाही म्हणजे फार जुनं, असा निष्कर्ष मात्र काढू नका. स्वस्त मालावर कारखाने शिक्का मारतच नसत. कोलकात्याच्या बंगाल पॉटरीजच्या बशा आपल्या कितीतरी घरांत होत्या आणि अजून स्वस्त मिळतात. भारतीय कारखान्यांचं हे काम जमवायला सुरुवात करणाऱ्यासाठी हा फार चांगला विषय आहे, कारण त्याच्यामागे अजून गर्दी लागलेली नाही.

गोव्यात गोष्ट वेगळी. तिथल्या जुन्या घरांत मकावमार्गे आलेली चिनी पोर्सिलिन आणि पोर्तुगालची भांडी पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. चांदरच्या मिनेझिस ब्रागांझा घराण्याच्या वाड्यात त्याचा नमुना पाहायला मिळतो. बुडाला 'व्ही. ए.' दिसलं तर ते व्हिस्ता अलेग्रे या पोर्तुगीज कारखान्याचं असू शकतं. तो १८२४ मध्ये सुरू झाला आणि आजही चालू आहे, म्हणून नुसत्या अक्षरांवरून वय ठरत नाही. शिक्क्याचा रंग आणि आकार काळानुसार बदलत गेला आहे, ते ताडून बघावं.

कुठे शोधायचं? पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारचा आणि बुधवारचा. मुंबईत मटण स्ट्रीटचा चोर बाजार. शुक्रवारी तिथली दुकानं बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर जुम्मा बाजार लागतो आणि खरी मजा तिथे असते. टॉर्च घेऊन जावं लागतं. तमिळनाडूतल्या कारैकुडीला चेट्टियार घरांतून निघालेली स्वीडिश आणि जपानी इनॅमलची भांडी मिळतात. पण महाराष्ट्रातल्या माणसाला सर्वात चांगली जागा म्हणजे गावातल्या भांड्यांच्या दुकानातला मोडीचा ढीग. स्टेनलेस स्टील घराघरांत शिरलं तेव्हा पितळ-तांब्याची भांडी पोत्यांनी मोडीत गेली, आणि ती अजूनही जात आहेत. वितळण्याच्या आधी त्या ढिगात हात घालायला मिळाला तर भाव वजनाचा असतो, शंभर वर्षांच्या कारागिरीचा नाही. त्या दिवसाचा मोडीचा भाव माहीत करून घ्या, त्यावर थोडं जास्त देऊ करा. दुकानदारही खूश, भांडंही वाचलं. घासाघीस करताना वस्तूला नावं ठेवू नका. चांगला जुना दुकानदार अपमान लक्षात ठेवतो. दोन-तीन वस्तू एकत्र घेतो म्हणालात तर भाव आपोआप खाली येतो.

वापरायची भांडी आहेत, म्हणून पोटाचा विचार आधी. कल्हई नसलेल्या पितळेत किंवा तांब्यात चिंच, कोकम, ताक, टोमॅटो घातलेलं काही ठेवू नका. आमटी कळकते हे आपल्या आज्यांना कळत होतं, आणि त्यामागे धातू अन्नात उतरणं हेच कारण. कल्हई म्हणजे भांडं तापवून, नवसागराने साफ करून त्यावर कथलाचा पातळ थर. कल्हईवाला मिळाला तर कथील कुठलं, शुद्ध आहे का, हे विचारा. कथलात शिसं मिसळलेलं असलं तर ती कल्हई विषाची. पान, फुलं, सुपारी, मिठाई कागदी वाट्यांत, चहाच्या कपांचा ट्रे, यासाठी कल्हईची गरज नाही. कासं त्या मानाने जेवणाला बरं, पण आंबट त्यातही फार वेळ ठेवू नये. बिदरीत अन्न ठेवूच नका.

चिनी मातीचं भांडं तडकलेलं असेल, त्याच्या झिलईवर बारीक जाळं पडलं असेल किंवा टवका उडाला असेल तर ते भिंतीवर लावा, ताटात नको. जुन्या झिलईत आणि वरून काढलेल्या रंगांत शिसं असायचं. शाबूत बशीतही लोणचं, लिंबू, गरम आंबट आमटी वाढू नका. सोनेरी कड असेल तर मायक्रोवेव्ह नाही. इनॅमलच्या ताटाचा पांढरा थर उडाला असेल तर त्याचे कण घशात जातात, आणि आतला लोखंडी पत्रा गंजतो. लाल, केशरी, पिवळ्या जुन्या इनॅमलमध्ये कॅडमियमचे रंग वापरले जात, तेव्हा ते शोभेलाच ठेवा. लहान मुलं आणि गरोदर बाई असलेल्या घरात हा नियम आणखी कडक पाळा.

घासताना हात आवरा. पितळेला चिंच किंवा लिंबू-मीठ, पितांबरीची पूड, नारळाचा काथ्या, एवढं पुष्कळ झालं. तारेची घासणी नको. नाव किंवा नक्षी असलेल्या जागी जोर नको. दुकानात बफ मारून आणलेलं तबक आरशासारखं होतं आणि दहा वर्षांत नक्षी बुजते. मुलाम्याच्या ट्रेला पूड लावलीच तर मुलामाच निघेल. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ कापड, आणि लगेच कोरडं पुसणं. चांदीला आणि मुलाम्याला रबर लागू देऊ नका. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते, म्हणून चमचे रबर बँडने बांधायचे नाहीत. वर्तमानपत्राऐवजी धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळा. कोकणात पावसाळ्यात महिन्याने एकदा सगळं बाहेर काढून पुसावं लागतं. ते जमणार नसेल तर संग्रह लहान ठेवा. लाकडी ट्रेवर बारीक भुकटी दिसली तर तो घरात आणण्यापूर्वीच कीड आहे का बघा.

कायद्याचं दोनच गोष्टींपुरतं. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या मुलाकडे आजीचं तबक पाठवायचं असेल, तर वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्यावा. विमानतळावर पेटी उघडली गेली की तिथे समजावून सांगण्यात अर्थ नसतो. दुसरी गोष्ट, चहादाणीच्या किंवा सुरीच्या मुठीला हस्तिदंत असेल तर तिची खरेदी-विक्री वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती कितीही जुनी असो. आणि देवळातून आलेली समई, पूजेचं तबक, एखाद्या संस्थानाचं किंवा मंडळाचं नाव असलेलं भांडं कमी भावात पुढे आलं, तर ते तिथून कसं बाहेर पडलं हे विचारा. नीट उत्तर नाही मिळालं तर घेऊ नका.

घेतलेल्या प्रत्येक वस्तूची एक ओळ वहीत लिहा: कुठून, कधी, किती पैसे, बुडावर काय आहे. फोटो बुडाचाही काढा. आणि तुमच्या घरातली, मामाच्या, आत्याच्या, काकूच्या घरातली पितळ-काशाची भांडी मोडीत जायच्या बेतात असतील, तर आधी त्यांच्यावरची नावं वाचून घ्या, ती माणसं कोण होती हे घरातल्या मोठ्यांना विचारा आणि मग काय करायचं ते ठरवा.